थांबायची तार

पॅनेल रूमला एसी आहे.
बाहेर बुटीबोरीचा मे, सेहेचाळीस अंश,
हेल्पर लोकांना मिळून एक कूलर, त्यातही पाणी नाही.
पीएलसीला मात्र थंडावा लागतो,
म्हणून दुपारी सगळ्यांनाच
मला काहीतरी विचारायचं असतं.

यादोराव पौनीकर येत नसत.
त्यांचं जुनं रिले पॅनेल आम्ही उतरवलं
तेव्हा दाराशी उभे राहून बघत होते, बस.
एकतीस वर्षं त्यांनी ते कानांनी चालवलं होतं.
टक्. टक्-टक्. टक्.
"सतरा नंबर अडखळून राहिला,"
चहाच्या ठेल्यावरून सांगायचे,
आणि तो सतरा नंबरच निघायचा.

माझा नवा डबा आवाज करत नाही.
दर बारा मिलिसेकंदांनी
सगळ्या कारखान्याला विचारतो, कसं काय?
उत्तरं गोळा करतो, शिडी वरून खाली वाचतो,
हुकूम सोडतो,
पुन्हा विचारतो.
पापणी एकदा लवते तेवढ्यात पंचवीस वेळा.

शिडी म्हणतात, पण चढायची नसते ती.
एकेक पायरी आपल्या ओळीसारखी
डावीकडून उजवीकडे वाचायची.
वाटेतली सगळी दारं मोकळी मिळाली
तरच टोकाचा गोल उजळतो
आणि दूर कुठेतरी मोटर फिरते.

कोळशाच्या पट्ट्याचं पान लिहीत होते
तेव्हा ते पहिल्यांदा आत आले, चपला बाहेर काढून.
"काहून वं पोरी, थांबायची तार
जुळलेली ठेवतं का तुटलेली?"
जुळलेली, म्हटलं. स्टँडर्ड आहे तसं.
"स्टँडर्ड जाऊ दे. काहून?"
मी पुस्तकातलं आठवेपर्यंत तेच म्हणाले,
"उंदरानं कुरतडली, पाण्यानं सडली,
तरी पट्टा थांबला पाह्यजे.
चालू ठेवाचं असन तं कोणीतरी
सारखं हो, हो म्हणत राह्यलं पाह्यजे.
गप झालं का समजाचं, काहीतरी हाय."

त्या पायरीवरच्या टिपणीत मी ते उतरवलं,
त्यांच्याच शब्दांत.
डब्याला टिपण्या दिसत नाहीत.
त्या पुढच्या माणसासाठी असतात.

जूनमध्ये शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ
घेऊन ते गोळीबार चौकात घरी गेले.

ऑगस्ट. रात्री दोन सत्तेचाळीस.
"मॅडम, पट्टा थांबला. तो बिट फोर्स करा ना घरूनच,
बॉयलरचं प्रेशर उतरून राहिलं."
लॅपटॉप मांडीवर. इनपुट चार-पॉइंट-दोन: शून्य.
शून्याचं एक करायला दोन क्लिक लागतात.
बोट तिथेच होतं.
वर टिपणी होती.

वर्धा रोडवर ट्रकांखेरीज कोणी नव्हतं.
मागून फोन वाजत राहिला, मी उचलला नाही.

पट्ट्याकडेची दोरी तिसऱ्या खांबाजवळ ओढलेली.
तिथे बिरजू उईके, बालाघाटचा, ठेक्यावरचा,
अर्धा दुपट्टा हातात,
अर्धा रोलरच्या पोटात,
मानेभोवती लाल रेघ.
दोरी कोणी ओढली, सुपरवायझरने विचारलं.
कोणी नाही बोललं.
बंद मिनिटांचे पैसे ठेकेदार कापतो, हे सगळ्यांना ठाऊक.
डबा वेळ नोंदवतो. नाव नोंदवत नाही.
त्या रात्री मला तो आवडला.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: दोरी ढिली होती, ताणली.
खोटंच लिहिलं.
सगळ्यांना मागे सरकवलं,
भोंगा पूर्ण वाजू दिला, मग रीसेट.
चार-पॉइंट-दोन पुन्हा हो म्हणू लागला.

सकाळी यादोरावांना फोन केला.
ऐकून घेतलं त्यांनी सगळं, मग विचारलं,
"थांबला तवा आवाज कसा आला?"
मी तिथे नव्हते, म्हटलं.
"हं," म्हणाले, आणि पोहे खायला बोलावलं.

बिरजू उरलेला अर्धा दुपट्टा आता कमरेला बांधतो.
आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही.
पाळी सुरू होताना
तो तिसऱ्या खांबापाशी जातो,
दोरीला बोट लावून बघतो.
ओढत नाही.